सापडलेली बाई, हरवलेली अम्मा

दुपारी जरा डोळा लागला की ती अजूनही दिसते. ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर पाय वर घेऊन बसलेली, कुणाची तरी वाट पाहत.

नांदेड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. मुदखेड जंक्शनवरून फोन आला, की एक म्हातारी सकाळपासून फलाटावर बसून आहे, उठत नाही. तिला तेलुगूच येत होती. आमच्या हवालदारबाई तेलंगणाच्या सीमेवरल्या देगलूरच्या, त्यांनी बोलणं जमवलं. महिला आधारगृहात सोय केली, पण तिथं ती अन्नाला शिवेना. मग हवालदारबाई रोज दुपारी तिला ठाण्यात आणत आणि आपल्या डब्यातले चार घास भरवत. डॉक्टर म्हणाले, स्मृती गेली आहे. घरचं माणूस लवकर भेटलं नाही तर फार दिवस काढणार नाही.

पक्क्या चोरांना बोलतं केलेला मी, तिच्यापुढं हात टेकले. गाव विचारलं की ती तळ्यातल्या कमळांविषयी सांगे. बरोबर कोण होतं विचारलं की म्हणे, मुलगी, आत्ता तर इथं होती. सांगताना चेहरा असा उजळे की पुढचा प्रश्न विचारायला जीव धजत नसे; मीही नकळत ते तळं पाहत बसायचो. बोचक्यात मात्र माहूरचा तांबूल निघाला, देवीच्या प्रसादाचा कुटलेला विडा, पार वाळलेला. यात्रेहून परतताना चुकामूक झाली, एवढं नक्की.

ठाण्याच्या संकेतस्थळावर मी स्वतः मजकूर टाकला: ‘अनोळखी वयोवृद्ध महिला मिळून आल्याबाबत.’ वर्ण, बांधा, नेसूची साडी, सगळं पंचनाम्याच्या शिस्तीत. त्याच पानावर खाली तेलुगू आणि कन्नड भाषांतर. शेजारच्या राज्यांत बिनतारी संदेशही गेले. पण बारा दिवस फोन काही वाजला नाही.

अशात उदगीरचे एक डाळवाले शेट अपघातातला ट्रक सोडवायला आले. कपाळाला विभूती, काखेत कागदांची पिशवी. म्हातारीकडं पाहून त्यांनी चौकशी केली. मी कौतुकानं पान दाखवलं.

“साहेब, हे वरच्या साहेबासाठी लिवलं का तिच्या लेकरासाठी?”

मला राग आला. “तीन भाषांत आहे, दिसत नाही?”

“तीन भाषेची खिचडी हाय. अन् मथळा मराठीच. माझी तूरडाळ तीन राज्यांत जाती. म्या बी पहिल्यांदा असंच केलतं, कुणी फिरकलं न्हाई. तीच डाळ बीदरची बाई नेटवर ‘तोगरी बेळे’ म्हणून हुडकती, निजामाबादची ‘कंदिपप्पू’ म्हणून. आता ज्याच्या त्याच्या भाषेचं पान येगळं, नेटवरचा पत्ता येगळा, मथळा त्याच्या तोंडचा, अन् पानं एकमेकाला जोडलेली. लई मोठी गोष्ट सांगू? तुम्ही लिवलं ‘मिळून आली’. घरचं माणूस मिळालेली बाई कशाला हुडकल? त्याची तर हरवलीय.”

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी हवालदारबाईंना विचारलं, “तुमची आई हरवली तर नेटवर काय लिहाल?”

त्यांनी बाकावरच्या म्हातारीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “माहूरला आमची अम्मा चुकली, असं लिहीन साहेब.”

तोच तेलुगू पानाचा मथळा झाला. खाली फोटो, तांबूल, कमळांचं तळं. कन्नड पानही वेगळं केलं.

चौथ्या दिवशी तेलंगणातून फोन आला आणि दुसऱ्या सकाळी मुलगी पोचली. म्हातारीनं तिचा चेहरा सावकाश चाचपला, मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजली. नाव घेतलं नाही. ओळखलं की नाही, देव जाणे.

मुलगी हिंदीत म्हणाली, “साब, तुमारा पहला पन्ना तीसरेच रोज दिखा था मेरे को. ऊपर मराठी देखी, पुलिस का कागज समझी, आगे निकल गई.”

मला फार लाज वाटली. ते पान मीच लिहिलं होतं, हे तिला सांगितलं. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, “इत्ते दिन अम्मा खाना खाई क्या साब?”

मी हवालदारबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, “थोडा खाती थी.”

त्यानंतर निवृत्तीपर्यंत हरवलेल्या माणसाचं एकही पान मी त्याच्या घरची भाषा बोलणाऱ्याला विचारल्याशिवाय लिहिलं नाही. वरिष्ठांनी त्याचं कौतुकही केलं. त्या मायलेकींचे दोन आठवडे मात्र माझ्यामुळं गेले, आणि ते मला परत देता आले नाहीत.