अण्णांसाठी कुणी पळायचं नाही

अण्णा आज सकाळी गेले.
आणि सोमवारी त्यांच्याकडं पळायचा सराव करणाऱ्या नऊ पोरींचं पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी परीक्षा आहे.

पोलीस ड्युटीवरून तशीच कर्जतला पोहोचले, तर अण्णांच्या दारात नऊजणी बूट घालून उभ्या.
"ताई, अण्णांसाठी दहा किलोमीटर पळणार आमी. मगच अंत्यविधीला."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बूट काढा आधी.

वैशाली पुढं आली. तिचं भरतीचं वय संपतंय, हा लास्ट चान्स. नाही झालं तर परत कोयता घेऊन ऊसतोडीला.
"नोकरी लागली म्हणून मानूस इसरलात व्हय तुमी?"

लई लागलं. पण मी अण्णांना याहून वाईट बोललेय.

माझ्या ग्राउंडला दहा दिवस राहिले, तेव्हा अण्णा म्हणाले, आता पळणं निम्म्यावर आणायचं. मला पटेना. आमच्या ऊसतोडीच्या लोकांत बसून राहिलेल्या बाईला आळशी म्हणतात. मी गुपचूप डांबरी रस्त्यावर जादा पळायला लागले.

चौथ्या दिवशी अण्णांनी नडगीवर नुसता अंगठा दाबला आणि मी कळवळले.
"घरी बसायचं. पाच दिस."
"म्हातारं खुळं झालंय," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

रिटायर्ड फौजी माणूस, पण आवाज चढला नाही.
"येडे, उसाच्या मोळ्या उचलून ट्रक भरलेत तू. ताकद हाय तुझ्यात. पळून अंग झिजतं, आराम केला की भरून येतं. शेवटच्या आठवड्यात नवं काय कमवायचं नसतं."

पाच दिवस खाटेवर पडून अण्णांना शिव्या घातल्या.
भरतीच्या आठशे मीटरला शेवटच्या राउंडमध्ये पाय असे सुटले की मलाच खरं वाटेना.

हे सगळं पोरींना सांगितलं. आठजणींनी बूट काढले. वैशाली लेस आवळतच राहिली.

तिच्या पुढ्यात बसले आणि नडगी दाबली.
तिनं पाय झटकन मागं घेतला.
"कवापासनं?"
"परवापासनं. अण्णांना बोलले न्हाई."
मग जी रडली ती, आवरेना.

अंत्ययात्रेत आठजणी मागून सावकाश चालत आल्या.
वैशालीला मी स्कूटीवर मागं बसवून आणलं. लोक बघत होते. बघू देत.

अण्णा, रविवारपर्यंत एकीलाही पळू देणार नाही.
राम राम घ्या.