आजीच्या लुगड्याचं बोंड

माझ्या पोरीला मी पहिला पायजमा शिवला तेव्हा त्याचे दोन्ही पाय डावे निघाले. कापड दुमडून कापायचं असतं हे मला कापून झाल्यावर कळलं. पोरीनं तो घातला, अंगणात चार पावलं टाकली आणि म्हणाली, "पप्पा, मी सरळ चालून राह्यली, पायजमा वळून राह्यला."

आई दारात तूर निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बाबू, तू शाळेत पोरायले काय शिकवतं रे? डावं-उजवं तं येते ना तुले?"

मी मराठी शाळेतला मास्तर. शिवणमशीन बायकोची, तिनं माहेराहून आणलेली. तिला शिवता येतं, म्हणून ती फारसं शिवत नाही. मला येत नाही, म्हणून सुट्टी आली की मी मशीनवर. मोबाइलवर बघून बघून मी झबली, फ्रॉक, पोरीच्या बाहुलीची अंथरुणं असं बरंच काही बिघडवलं. एका फ्रॉकच्या गळ्यातून पोरीचं डोकं आत गेलं आणि बाहेर येईना. शेवटी तो तिच्या अंगावरच उसवावा लागला. असल्या गोष्टी मी शाळेत, पाहुण्यांत, बसस्टँडवर रंगवून सांगतो. लोक हसतात. बोंडाची गोष्टही मी बरीच वर्षं अशीच सांगत आलो आहे, पण अर्धीच. बोकडापाशी आलो की थांबतो.

पोरगी तिसरीत होती. तिच्या शाळेत वेशभूषेचा कार्यक्रम ठरला आणि तिच्या वाट्याला आला कापूस. आमच्या आदिलाबादेत कापसाचं कौतुक कोणाला सांगायचं? पण मला चेव आला. बायको म्हणाली, "गावात भाड्यानं ड्रेस भेटते. परी बनवा, डॉक्टर बनवा, मोकळे व्हा."

"भाड्याचा कापूस? आपल्या जिल्ह्यात?" मी म्हणालो.

ती अंगणवाडीत कामाला गेली. आई त्या आठवड्यात मुधोळला होती, माझ्या ताईकडे. ताईला लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस गेले होते. सातवा महिना होता. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी, आमच्याकडे व्हायचं. पण डॉक्टरनं तिला प्रवास करू नका म्हणून बजावलं होतं. मग आईच डोहाळजेवणाला तिकडे गेली. म्हणजे घरात त्या दिवशी मी, पोरगी आणि मशीन.

पोरीच्या अंगाएवढं कापसाचं बोंड शिवायचं मी ठरवलं. त्याला पांढरं, मऊ कापड हवं होतं. चादरी धुंडाळल्या, त्या फुलाफुलांच्या. मग आईची लोखंडी पेटी उघडली. तळाशी उशीचा एक अभ्रा होता, त्याचं तोंड हातटाक्यांनी शिवून बंद केलेलं. आत काय आहे हे मला माहीत होतं. माझ्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, पांढरं लुगडं. आजी दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जायची आणि हे एकच पांढरं लुगडं पौर्णिमेला विहारात जाण्यासाठी जपून ठेवायची. ती गेल्यावर आईनं ते आणलं. दर वर्षी उन्हाळ्यात आई अभ्रा उसवायची, लुगडं कोमट पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची आणि पुन्हा शिवून ठेवायची. मी दर वर्षी चिडवायचो, "आई, याची आता फरशी पुसायची लायकी उरली." ती म्हणायची, "असू दे. कामाचं हाय." कोणत्या कामाचं, हे मी कधी विचारलं नाही.

मी अभ्र्याचा दोरा कैचीनं कापला. पोरगी जवळच उभी होती.

"पप्पा, हे आजीनं ठेवलेलं हाय."

"जुनेर हाय बेटा. मधातून विरलं पाहा."

"आजीले फोन करू काय?"

"आजीले काऊन त्रास देतं? तिलेच दाखवू ना फोटो."

लुगडं हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटेना, इतकं ते मऊ होतं. मी मात्र त्याच्या मऊपणाचा हिशेब बोंडासाठी केला. मधला भाग विरलेला होता, म्हणून दोन्ही टोकांकडचं चांगलं कापड घेतलं. पाच पाकळ्या कापल्या. त्यातल्या तीन चुकल्या, पुन्हा कापल्या. खालची हिरवी पानं रंगवायला दाराला उरलेला ऑइल पेंट वापरला. उरलेल्या चिंध्यांनी ब्रश पुसला, मशीनचं तेल पुसलं, हात पुसले. शेजाऱ्याकडून सरकीसकट कापूस आणला आणि पाकळ्यांत ठासून भरला.

कार्यक्रमाच्या दिवशी माझी पोरगी दारातून आडवी बाहेर काढावी लागली. तिचे हात बोंडातून बाहेर येत नव्हते. नाक खाजवायचं असलं की ती मला हाक मारायची. मंचावर ती चढली आणि माइकवाल्या बाईंनी तेलुगूत काहीतरी कौतुक केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी वाकून नमस्कार करायला गेली आणि माझी शिवण मागून टराटरा उसवली. मंचभर सरकी. पोरगी खाली उतरून मैदानातून माझ्याकडे येऊ लागली तर मागे कापसाची रेघ, आणि त्या रेघेवरून चालत एक बोकड. सरकी खात खात तो तिच्यापर्यंत पोचला, मग त्यानं पाकळीच तोंडात धरली. तो ओढतोय, मी ओढतोय, पोरगी मध्ये गोल गोल फिरतेय. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पाण्याची बाटली.

लोक इथंच हसतात, आणि मी चहा मागवतो.

चार दिवसांनी आई परत आली. मी बोंड मशीनमागे कोंबलं होतं. आईला फोटो दाखवला नाही; पोरीलाही सांगितलं, सध्या काही बोलू नको. आठवा महिना सरला की बाळंतपणाचं सामान घेऊन पुन्हा जायचं असं आईचं ठरलं होतं. पण ताईनं वाट पाहिली नाही. एका सकाळी भाऊजींचा फोन आला, पोरगा झाला, दोघं बरी आहेत. आईनं फोन ठेवला, डोळे पुसले आणि आधी पेटीकडे गेली.

तिला कमी दिसायला लागलं होतं. तळाशी हात घालून तिनं चाचपलं. अभ्रा रिकामा होता.

"बाबू, यातलं लुगडं कुठी गेलं रे?"

आणि मी, पोरांना खरं बोलायला शिकवणारा मास्तर, म्हणालो, "उंदरानं कुरतडलं आई. चिंध्या झाल्या होत्या, फेकून देल्या."

आईनं अभ्र्याच्या तोंडावरून बोट फिरवलं. कापलेल्या दोऱ्याची टोकं बोटाला लागली असावीत. "उंदरानं दोरा इतका सरळ कापला?"

तेवढ्यात दारातून पोरगी म्हणाली, "हो आजी. मी पाह्यला ना उंदीर. मोठा होता."

तिनं डोळे माझ्याकडे केले नव्हते. आजीकडे सरळ पाहत, न अडखळता बोलली. पायजमा वळतो तेव्हा वळतो म्हणणारी पोरगी ती. मला त्या क्षणी आईची भीती वाटली नाही. माझ्या पोरीला हे इतकं छान जमलं, याची वाटली.

मी मशीनमागून बोंड काढलं आणि आईसमोर ठेवलं.

आईनं ते उलटं केलं, सुलटं केलं. हिरव्या रंगानं कडक झालेला भाग नखानं खरवडून पाहिला. बोकडानं चावलेली कड हातात धरली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"लेकराले पहिले हेच घालायचं होतं," ती म्हणाली. "अकरा वर्सं झाली धुऊन धुऊन. माय म्हणे, तुया पोरीले लेकरू झालं की याची झबली शिवजो."

"मग आधीच काऊन नाही शिवली तू?"

"लेकरू हाती आल्याबिगर त्याच्या कापडाले कैची लावत नाही रे आपण."

"आई, आपण असलं मानतो काय?" हे मी त्या वेळीही बोललो. जीभ सवयीची.

"मानू नको. पण नवं कापड टोचते ना लेकराले. तुले बी पहिले मायच्या जुनेरातच गुंडाळलं होतं." मग बोंड मांडीवर घेत, "माये डोळे चालले बाबू. आता शिवलं असतं तं शिवलं असतं."

त्या दुपारी आम्ही दोघांनी बोंड उसवलं. मी घातलेले टाके एरवी हात लावला की सुटायचे. त्या दिवशी मात्र एकेक टाका घट्ट बसला होता. रंग, तेल, बोकड आणि माझे चुकीचे काप वगळून गळ्यापाशी एक स्वच्छ तुकडा निघाला. झबल्याला तो पुरणार नव्हता. आई म्हणाली, टोपडं होईल. सुईत दोरा मी ओवून दिला. ती अंदाजानं शिवत गेली, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवत, बाळाच्या कपाळाला टोचू नये म्हणून. मी आजवर शिवलेल्या सगळ्या झबल्यांची शिवण आत होती. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कोणाला विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुधोळला गेलो. बाळ दुकानातल्या निळ्या टॉवेलात गुंडाळलेलं होतं, अंगात दुकानातलंच झबलं. आईनं पिशवीतून टोपडं काढून त्याच्या डोक्याला लावलं. ते कानांपर्यंतही येईना.

ताई हसली. "आई, कोणाचं माप घेतलं ओ? मांजराचं? आन् आजीच्या लुगड्याचं काय झालं? तू तं सारी झबली त्याचीच शिवीन म्हणे."

मी खिडकीपाशी उभा होतो. सांगायला तोंडही उघडलं होतं.

"विरलं होतं बाई ते," आई म्हणाली. "तेवढंच निघालं. आन् मले आता माप दिसत नाही. चुकलं माया हातून."

मी तोंड मिटलं. पोरगी माझ्या बाजूलाच होती. तिनं आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळी तिला काही बोलावं लागलं नाही. ते काम मीच केलं, गप्प राहून.

पुढं वर्षभरानं आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. ताई पोराला कडेवर घेऊन भेटायला आली. आई हरखली होती. भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवत होती, माझ्या शर्टावरचा डाग दाखवत होती. सुईत दोरा तिनं स्वतः ओवला, पहिल्या खेपेत, आणि सगळ्यांना दाखवला.

"आता तं मस्त दिसून राह्यलं तुले," ताई म्हणाली. "आता शिव ना याच्यासाठी काही."

"आता कायचं शिवू बाई," आई म्हणाली, "कापड कुठी हाय?"

"कापडाले काय तोटा आई? दुकानं भरली हायेत."

आई हसली आणि दोरा पुन्हा सुईतून काढून रिळाला गुंडाळू लागली. बाळाला न बसलेलं टोपडं आईनं मुधोळहून परत आणलं होतं; ते त्या वेळी मशीनच्या खणात होतं, बॉबिनच्या डबीशेजारी. आजही तिथंच आहे. ताई अजून समजते, आईचं माप चुकलं.