वाकडी कॉलर

माझ्या थोरल्या जावेच्या शिलाईचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटलेत. घराच्या पुढच्या खोलीत आम्हा दोघींची मशिनं शेजारी शेजारी. मी समोर धडधडीत बसलेली असते, तरी गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, "मोठ्या बाई आहेत का?" सासूबाई तिला चहा विचारतात, मला सुईत दोरा ओवायला सांगतात. जळते मी, खोटं कशाला बोलू? सोळा वर्षं तिच्या हातांवर डोळा ठेवून आहे, कुठे चुकते ते बघायला.

मंगळवारी सकाळी चुकली. पांढऱ्या शर्टाची कॉलर चक्क वाकडी लागली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. येऊ दे गिऱ्हाईक, म्हटलं, होऊ दे शोभा! पण तिने तो शर्ट न उसवता तसाच बाजूला टाकला, आणि माझं हसू विरलं. ही बाई एक टाका चुकला तरी उसवते.

मग नीट पाहिलं. डोक्यावर पंखा फिरत होता आणि ही घामाने चिंब. जबडा चोळत होती.

"ताई, काय होतंय?"

"दाढ ठणकतेय गं. मळमळतंय. जरा वर जाऊन पडते."

"पित्त असेल, थंड दूध दे तिला," सासूबाई आतून म्हणाल्या.

"छातीत दुखतंय?" मी विचारलं.

"दुखत नाही. कुणी बसल्यासारखं वाटतंय."

मी जिना अडवला. "एक पायरी चढायची नाही!" आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. तिला भिंतीला टेकवून खाली बसवलं, ब्लाउजचे हुक काढले, रुग्णवाहिकेला फोन लावला. फोनवरच्या बाईंनी दोन-चार प्रश्न विचारले आणि मामंजींच्या औषधांच्या डब्यातली ॲस्पिरिन तिला चावून खायला लावली. सासूबाई दुधाचा पेला हातात धरून तशाच उभ्या.

चौथ्या दिवशी दवाखान्यात नर्स म्हणाली, "हृदयविकाराचा झटकाच होता. बायकांचं दुखणं बरेचदा पित्त म्हणून सोडून देतात. तुमचं ओळखलं कुणी?"

"हिने," जाऊ डोळे न उघडताच म्हणाली. "सोळा वर्षं हिची नजर हललीय कुठे माझ्यावरून!"

मला तोंड कुठे लपवू असं झालं. नर्स गेल्यावर तिने विचारलं, "ती कॉलर उसवलीस?"

"नाही अजून."

"नको उसवू. गिऱ्हाइकाला दुसरा शर्ट शिवून दे. तो ठेव तुझ्याकडे. माझी एक तरी चूक असू दे तुला."