सात सरकारं, एक सनद आणि मी

चहा घ्या, पण हसायचं नाही. हा प्रकार आठवला की माझं डोकं अजून तापतं, आणि चूक माझीच होती म्हणून जास्तच तापतं!

मी बिबवेवाडीजवळच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. मूलभूत हक्कांच्या सनदेवर सरकारांचं एकमत का होत नाही, हे मुलांना कळावं म्हणून मी सात जणांना सात देशांची सरकारं केलं. पहिलं कलम मीच दिलं: 'प्रत्येकाला बोलण्याचा हक्क आहे.' यात भांडण्यासारखं काय आहे, सांगा बरं?

तेजस लगेच उठला. "मॅडम, आमच्या सरकारला 'प्रत्येकाला' चालणार नाही. 'योग्य नागरिकांना' लिहा."

"आणि योग्य कोण, ते कोण ठरवणार?"

"आम्हीच की!"

अकोल्याची सायली म्हणाली, "मॅडम, आमच्या सरकारला 'हक्क' शब्दच जड जाऊन राहिला. 'सवलत' करा न."

दोन तासांनी फळ्यावर काय उरलं? 'योग्य नागरिकांना, योग्य वेळी, शक्य झाल्यास, बोलण्याची सवलत असू शकेल.'

असू शकेल! माझं टाळकंच सटकलं. मी दाराला आतून कडी घातली आणि समोर उभी राहिले.

"मूळ कलमावर सह्या झाल्याशिवाय कोणीही बाहेर जायचं नाही! पाणी प्यायलासुद्धा नाही!"

"पण मॅडम..."

"गप्प! बोलण्याच्या हक्कावर मुकाट्याने सही करा!"

हो, हे मीच म्हणाले. आणि तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही, इतकी चिडले होते!

मग एक कागद बाकांवरून फिरायला लागला. पाच मिनिटांत सात सह्या! मी तो हिसकावून घेतला, तेवढ्यात दारावर थाप. माझा आवाज ऐकून प्राचार्य आले होते.

मी कडी काढली. "सर, एकमत झालं! ऐकाच!" आणि स्वतः न वाचलेला कागद खणखणीत आवाजात वाचायला लागले.

"कलम एक: कोणालाही गप्प बसवता येणार नाही. कलम दोन: कोणालाही खोलीत कोंडता येणार नाही. कलम तीन: तहानलेल्याला पाणी मिळेल..."

इथे माझा आवाज बसला. पण आता थांबणार कशी?

"टीप: आमची सातही सरकारं या कलमांतून वगळली आहेत. सनद फक्त मॅडमना लागू राहील."

प्राचार्यांनी शांतपणे खिशातलं पेन काढलं. "अहो मॅडम, आपली सही राहिलीय."

ती सात सरकारं खोटी होती हो! त्या वर्गात खरं सरकार एकच होतं, आणि त्याने दातओठ खात सही केली.