लाखांदूरच्या चौकातला ‘आधी’चा माणूस

शनिवारी सकाळी कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावून मी पोहे परतत होते. सुट्टीत कुठे जायचं ते ठरत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. लाखांदूरजवळच्या एका खेड्यातून अनुसयाकाकू बोलत होत्या.

“मॅडम, तुम्ही माह्या माणसाले दारुड्या करून टाकला!”

मला काही कळेना. काकू रडत नव्हत्या, चिडल्या होत्या. लाखांदूरच्या एसटी स्टँडजवळच्या चौकात दारू सोडवण्याच्या औषधाचा मोठा बोर्ड लागला होता आणि त्यावर त्यांच्या नवऱ्याचा, यादोरावभाऊंचा फोटो होता. मी काढलेला.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी नागपुरात एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते आणि सुट्टीच्या दिवशी सेकंडहँड कॅमेरा घेऊन बाहेर पडते. वाघ, किल्ले, सूर्यास्त माझ्याकडे सापडणार नाहीत. तारेवर वाळणारी गोधडी, पंक्चरवाल्याचं घमेलं, बसची वाट बघणारी माणसं, हेच मला काढावंसं वाटतं. कोणाला ‘जरा इकडे बघा’ म्हणत नाही. आधी काढते, मग जवळ जाऊन स्क्रीनवर दाखवते. नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसते. हो म्हणाले तर फोटो त्यांना पाठवते आणि मगच इथे टाकते.

यादोरावभाऊंचा फोटो गेल्या वर्षीचा. धान कापणीचे दिवस होते. भाऊंची दोन एकर शेती आहे, शिवाय ते गावातली पोरं ऑटोत बसवून लाखांदूरच्या शाळेत नेतात आणि शाळा सुटेपर्यंत स्टँडपाशी थांबतात. रात्री रानडुकरं हाकलायला शेतावर जागायचं, दिवसा पोरं न्यायची. दुपारी ऑटोच्या हँडलवर डोकं टेकून, तोंड जरासं उघडं ठेवून ते गाढ झोपले होते. ऊन नेमकं त्यांच्या गमछ्यावर पडलं होतं. फोटो दाखवला तेव्हा खूप हसले. “झोपेतबी पकडलं का जी मले? राहू द्या, चांगला आहे.”

तो हा फोटो. गॅस बंद केला, पोहे तसेच डब्यात भरले आणि निघाले.

तुम्हाला या बाजूला यायचं असेल तर लक्षात ठेवा, तिकिटावर ‘भंडारा रोड’ असलं तरी स्टेशन वरठीला आहे. भंडारा शहर तिथून बरंच लांब, शेअर ऑटो करावी लागते आणि ती गच्च भरल्याशिवाय हलत नाही. भंडाऱ्याहून लाखांदूरला एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. पवनीला बस थांबली की आलूबोंडा खा, तिखट चटणी मागून घ्या. मी खाल्ला, पण चव कळली नाही. पुढे वैनगंगेचं पात्र लागतं, मग दोन्ही बाजूंना कापलेली धानाची शेतं. एरवी मी या रस्त्यावर खिडकी सोडत नाही. त्या दिवशी कॅमेरा पिशवीतून काढलासुद्धा नाही.

बोर्ड बसमधूनच दिसला. ‘दारू सोडवा! पिणाऱ्याला न सांगता!’ खाली डावीकडे ‘आधी’ म्हणून यादोरावभाऊ. ऑटो कापून टाकली होती, गमछा आणि लोंबकळलेलं डोकं तेवढं ठेवलं होतं. गालांवर लाल रंग चढवला होता. उजवीकडे ‘नंतर’ म्हणून टाय लावलेला, दात दाखवणारा गोरापान कोणीतरी.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. रात्रभर राबून दमलेला माणूस दिवसा घटकाभर झोपतो, आणि त्याची झोप उचलून कोणीतरी त्यावर धंदा मांडतो!

भाऊ आणि काकू बोर्डाखालीच उभे होते. काकूंच्या हातात विळा होता, शेतातून तशाच आल्या होत्या. भाऊ माझ्याकडे बघून ओशाळं हसले. “नंतरचा मी तं इंग्रज दिसून राहिलो, मॅडम.”

“हसता काहून?” काकू त्यांच्यावर उखडल्या. “दोन घरच्यायनं पोरं पाठवनं बंद केलं. म्हनतात, डायवर पेतो. या माणसानं जन्मात थेंब नाही घेतला!”

भाऊंचं हसू मावळलं. “एका पोराच्या मायनं काल माह्या तोंडाचा वास घेतला जी,” ते हळू आवाजात म्हणाले. “पोरासमोर.”

बोर्ड ज्या दुकानावर टांगला होता त्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, जागेचं भाडं घेतलंय, बोर्डावर काय आहे ते मी बघत नाही. मग मी बोर्डावरचा नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडून गोड आवाज आला.

“बोला मॅडम, पेशंट कोण? मिस्टर की मुलगा?”

“पेशंट नाही. तुमच्या लाखांदूरच्या बोर्डावर ज्यांचा फोटो आहे ते माझ्या शेजारी उभे आहेत. न विचारता लावलाय तुम्ही. ते दारू पीत नाहीत.”

“सगळेच असं म्हणतात, मॅडम,” आवाज समजूत काढत म्हणाला. “पहिल्यांदा कोणी कबूल करत नाही. तुम्ही त्यांना घेऊन या.”

मी ओरडलेच. काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने फोन ठेवला.

तोवर दहा-पंधरा माणसं जमली होती. मी पोलीस ठाण्यात तक्रार द्यायचं म्हणत होते, भाऊ नको नको म्हणत होते. एवढ्यात काकूंनी पदर खोचला आणि दुकानापुढच्या बाकड्यावर चढल्या. एका कोपऱ्याची दोरी विळ्याने कापली. मग दुसरी.

“ओ बाई, केस होईल!” दुकानदार आतून ओरडला.

“कर केस! थोबाड माह्या घरचं आहे. तुह्या बापाचं आहे का?”

वरच्या दोऱ्यांपर्यंत हात पोहोचेना तेव्हा गर्दीतला एक फळवाला आपली गाडी सोडून आला आणि त्याने वर चढून त्या कापल्या. फ्लेक्स फडफडत खाली आला. कॅमेरा हातात कधी आला मला आठवत नाही, पण मी फोटो काढले. काकू खाली उतरल्यावर दाखवले. त्यांनी दम खात, नीट निरखून पाहिले.

“हे टाका तिकडं,” त्या म्हणाल्या. “आन खाली लिवा, याहीनं दारू पेली नाही म्हनून.”

मी त्यांच्याकडेच मुक्काम केला. वाटेत भाऊंनी ऑटो मुद्दाम त्या दोन्ही घरांपुढे थांबवली. एका घरी बाप बाहेर आला, काकूंनी फ्लेक्स उलगडून त्याला सगळं ऐकवलं, तसा तो म्हणाला, “सोमवारी पाठवतो भाऊ, चुकलंच.” दुसऱ्या घरचं दार उघडलं नाही. आत टीव्ही चालू होता. जेवायला गरम भात आणि तलावातल्या झिंग्यांचा रस्सा होता. आदल्या दिवशीच मासे धरणाऱ्या धीवरांकडून घेतलेले झिंगे. आता मात्र मला चव कळली, दोनदा वाढून घेतलं. सकाळी पाहिलं तर कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यावर तो फ्लेक्स पसरलेला होता, तोंड खाली करून, कडेला दगड ठेवून.

बोर्डाच्या कोपऱ्यात छापणाऱ्या दुकानाचं नाव होतं. रविवारी परतताना भंडाऱ्यात ते शोधलं. भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत अर्धं शटर वर होतं. आत पंचविशीतला डिझायनर, समोर दोन स्क्रीन. मी माझ्या ब्लॉगवरचा मूळ फोटो त्याच्यापुढे धरला.

“गूगलवरून घेतला, मॅडम. गूगल फ्री आहे.”

“हा माणूस गूगलचा आहे का?”

तो खरोखर गोंधळला. “म्हणजे… औषधवाल्या पार्टीला थकलेला गरीब माणूस पाहिजे होता. सर्च केलं, हा आला. डोळ्यांवर काळी पट्टी मारून देऊ का? मग ओळखू नाही येणार.”

मला रडू कोसळेल असं वाटलं, इतका राग आला. तो वाईट नव्हता. त्याने मला पाणीही दिलं. पण चौकात लावलेला चेहरा कोणाचातरी असतो, तो माणूस सकाळी त्याच चौकातून जातो, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले. त्याने फाइल उडवली, औषधवाल्याला माझ्यासमोर फोन करून फोटो वापरता येणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा उठले. शटरपाशी पोहोचले तर मागून म्हणाला, “मॅडम, छोटी पोस्टरं गेली आहेत वरठीला. ती लागली असतील.”

लागली होती. स्टेशनाच्या रस्त्यावर, एका कंपाउंडच्या भिंतीवर ओळीने यादोरावभाऊ झोपले होते. गाडीला वेळ होता. मी पिशवी खाली ठेवली आणि नखांनी खरवडायला लागले. खळ घट्ट बसली होती, बाटलीतलं पाणी मारून मारून कागद सोलत होते. पोलाद कारखान्याची पाळी सुटली होती, सायकली आणि मोटरसायकली मागून जात होत्या. एक कामगार थांबला, हेल्मेट काढून थोडा वेळ बघत राहिला.

“काय झालं, ताई? घरचे आहेत का कोनी?”

“हो,” मी म्हटलं. “घरचे आहेत.”

त्याने मोटरसायकलच्या डिक्कीतून पाना काढला आणि दुसऱ्या टोकापासून खरवडायला सुरुवात केली.

घरी येऊन आता आठवडा झाला. राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. मैत्रीण म्हणते, फोटोंवर आडवं मोठं नाव टाक, मग कोणी चोरणार नाही. म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर मीही माझी पाटी ठोकायची! तो झोपेचा फोटो मी इथून काढून टाकलाय. फोटो काढणं सोडणार नाही. पण यापुढे ‘टाकू का?’ विचारताना तो कुठवर जाऊ शकतो, कोणाच्या हाती पडू शकतो, हेही सांगेन. ऐकून अर्धी माणसं नको म्हणतील. म्हणू देत.

हा लेख टाकण्याआधी काल भाऊंना आणि काकूंना फोनवर पूर्ण वाचून दाखवला. भाऊ मध्येमध्ये हं हं करत होते. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि चौकातल्या फोटोखालच्या ओळीवर मला अडवलं.

“‘दारू पीत नाहीत’ काहून लिवलं? लोक म्हनतील, आता सोडली. नीट लिवा.”

नीट लिहिते. लाखांदूरचे यादोरावभाऊ यांनी दारू कधीच प्यायलेली नाही.