पूनमला ‘नाही’ शिकवणारी विशाखा

विशाखाच्या नवऱ्याचा, रमेशभाऊंचा फोन आला तेव्हा मी एका मुलासोबत फुगे फुगवत बसले होते. "विशाखा गेली," एवढंच ते बोलले. दोनच दिवसांआधी ती दवाखान्यातल्या खाटेवरून मला रागावली होती... आंबट चालत नाही हे माहीत असून मी संत्री काहून आणली म्हणून.

यवतमाळच्या एका केंद्रात आम्ही दोघी सोबतच लागलो. मी मुलांच्या बोलण्यावर काम करायची, ती वागण्यावर. स्वमग्न मुलांना बसणं, मागणं, थांबणं शिकवायचं. तिथली पद्धत बाहेरून शिकून आणलेली. मूल खुर्चीवर बसलं, डोळ्यांत पाहिलं, की खाऊ. नाही पाहिलं तर त्याच्या जेवणाचा डबाही अडवून ठेवायचा. राळेगावच्या अलीकडच्या तांड्यावरून पूनम यायची. तिला एकच शब्द यायचा, ‘याडी’. बंजारा घरात आईला याडीच म्हणतात, पण आमच्या चित्राखाली ‘आई’ लिहिलेलं, म्हणून तिचं उत्तर चूक धरलं जाई. विशाखानं ते चित्र काढून टाकलं आणि पूनमच्या आईचा फोटो लावला. डोळ्याला डोळा भिडवण्याचा हट्टही सोडला. "तिच्या घरी पोरी मोठ्यांसमोर खालीच पाहतात. आपण त्याले आजार म्हणाचं काय?"

मग तिनं पूनमला तळहात पुढे करून ‘नाही’ सांगायला शिकवलं, आणि सगळेच बिथरले. पूनमची आई तर भांडायलाच आली. "म्याडम, मी हिले ऐकाले शिकवाले आणलं. तुमी नाई म्हणाले काहून शिकवून राह्यल्या?"

"ताई, आतापर्यंत नाई म्हणाले तिच्यापाशी काय होतं? सोताचा हात चावणंच ना?"

बाई पोरीला घेऊन गेली ती केंद्रात परत आलीच नाही. विशाखा त्या दिवशी जेवली नाही. पण गप्पही बसली नाही. पालकांच्या सभेत उभी राहून तिनं सांगून टाकलं, "लेकराचा डबा अडवला तर तुम्ही नाही म्हणू शकता. जेवण हा त्याचा हक्क आहे, बक्षीस नाही." पुढच्याच आठवड्यात तिला ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणून सांगण्यात आलं.

राळेगावच्या आपल्या घरी समोरच्या खोलीत तिनं मुलांना शिकवायला सतरंजी टाकली. कितीतरी दिवस त्या सतरंजीवर आम्ही दोघीच चहा पीत बसायचो... एका दुपारी दारात पूनम आणि तिची आई. तांड्यावर लग्न होतं. डीजे लागला, बायकांनी पूनमला नाचायला ओढलं. "तिनं हात असा पुढं केला," आई सांगत होती, "मी तिले भायेर घेऊन गेलती. म्याडम, तिनं हात चावला नाई." सांगतासांगता तिचे डोळे भरले. विशाखानं गॅसवर आणखी दोन कप चहा चढवला.

त्यानंतर मुलं येत राहिली. विशाखा आजारी पडली तरी येत राहिली.

विशाखाच्या पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना घेऊन लोक पांगले, मग मी त्या खोलीत गेले. दाराला कडी नव्हती, नुसती स्क्रूची भोकं. "तिनंच काढली," रमेशभाऊ म्हणाले. "लेकराले जावं वाटलं तं जाता आलं पाह्यजे, म्हणे. पूनम अजून येते. बसते, जाते." वाऱ्यानं दार उघडलं आणि बाहेरचं कुत्रं आत डोकावलं. "आता तरी कडी लावून घ्या," मी म्हटलं. त्यांनी अंगणातून एक अर्धी वीट आणून दाराला टेकवली, बोटानं ढकलून पाहिली.

"अर्धीच बरी," ते म्हणाले. "पोराले सरकली पाह्यजे."