तांडेल पारखणारी

पालघरला आमच्या कारखान्याच्या फाटकापाशी एक कोळीण रोज सकाळी पाटी उतरवायची. गिऱ्हाईकाने विचारायच्या आत अंगठ्याने बांगड्याचा कल्ला उचकटून लाल रंग दाखवायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती आम्हा सगळ्या कारकुनांना 'भाऊ' म्हणायची.

त्या वर्षी आमच्या संचालकांनी स्वतःच्या आणि मॅनेजरांच्या कामगिरीचं मूल्यमापन करायचं ठरवलं. परीक्षा त्यांची, परीक्षकही तेच, त्यामुळे निकालाची धाकधूक कुणालाच नव्हती. वर्षात दोनदा फिरकलेल्या अध्यक्षांना 'सततचं मार्गदर्शन' या सदरात 'उत्कृष्ट' मिळालं. ते टाइप मीच केलं.

दुसऱ्या दिवशी बांगडे घेताना तिला हे सांगितलं. ती हसली नाही.

"आमच्यात तांडेलाला कोन इचारीत नाय, तू होडी बरी चालवतोस का. मोसम सरला की खलाशी घरी जातात. नारली पुनवेला त्याच होडीवर परत आले, तर तांडेल बरा." मग पाटी सारखी करत म्हणाली, "तुमी हाय का भाऊ, पुढल्या साली?"

मी सुटे पैसे शोधू लागलो. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथे माणसं घेत होते आणि माझा अर्ज टाइप करायचा राहिला होता.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं असतं, म्हणून गुपचूप टाइपरायटरपाशी गेलो. 'कंपनीनिष्ठा' या सदरात 'उत्कृष्ट' मिळालेले आमचे मॅनेजरसाहेब तिथे बसून दोन बोटांनी तारापूरचाच अर्ज टाइप करत होते.

मी अदबीने त्यांच्यामागे रांगेत उभा राहिलो.